सातव्या आज्ञेचं काळं बटण

३ फेब्रुवारी, मंगळवार

काळं आलं! मला पांढरं हवं होतं.

आमच्या चर्चच्या वादस्पर्धेची रीतच अशी आहे. शेवटच्या फेरीचे दोघं उरले की पाळकसाहेब दानाची मखमली थैली रिकामी करतात, तिच्यात दोन बटणं टाकतात आणि न बघता हात घालायला लावतात. काळं आलं तर विषयाच्या बाजूनं बोलायचं, पांढरं आलं तर विरुद्ध. बटण ज्याचं त्यानं ठेवायचं. निकाल लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, घरच्यांनाही नाही. आलेली बाजू आपलीच समजून वावरायचं. "बटण बोलतंय असं श्रोत्याला कळलं की तो ऐकायचं सोडतो," असं पाळकसाहेबांचं म्हणणं.

विषय – घटस्फोटानंतर दुसरं लग्न म्हणजे सातव्या आज्ञेचा भंग होय. सातवी म्हणजे 'व्यभिचार करू नको'. समोर टायवाला. औषधाच्या दुकानदाराचा मुलगा, बहुतेक झोपतानाही टाय लावत असणार.

पांढरी बाजू म्हणजे उतारावरची सायकल. टाकलेल्या बाईचं दुःख सांगा, दोनदा आवंढा गिळा, ट्रॉफी घ्या. मी तर टाकलेल्या बाईचीच मुलगी. बाबा सोडून गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. आता त्यांचा दुसऱ्या शहरात दुसरा संसार आहे, कागदोपत्री सगळं मोकळं झालंय. मला कुठे शोधायलाही जावं लागलं नसतं.

पण सोप्या बाजूनं काय, कुणीही जिंकेल. मी काळ्यानं जिंकून दाखवते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळ पाळकसाहेबांच्या पुस्तकांत गेली. आज्ञा तीन शब्दांची आणि तिच्यावर भिंतभर पुस्तकं.

जुन्या काळी म्हणे गुन्हा धरायचा तो दुसऱ्याच्या बायकोच्या बाबतीतच. लग्न झालेला पुरुष एखाद्या बिनलग्नाच्या बाईकडे गेला तर त्याचं कलम वेगळं. म्हणजे आज्ञा बायकांची आणि राखण नवऱ्यांच्या मालमत्तेची! मी पाळकसाहेबांवरच तापले, जणू कायदा त्यांनीच लिहिलाय. ते चष्मा पुसत म्हणाले, "पुढे वाच." पुढे संदेष्टे येतात. ते देवाला सोडून मूर्तींच्या मागे लागण्यालाच व्यभिचार म्हणतात. मग येशू म्हणतो, वाईट नजरेनं पाहिलंत तरी मनात तो झालाच. आता पुरुषही सापडले. मला बरं वाटलं.

सोडचिठ्ठीचं मात्र त्रांगडं आहे. तीन शुभवर्तमानांत विषय निघतो. दोन ठिकाणी सरसकट मनाई. एका ठिकाणी सूट – जोडीदारानंच व्यभिचार केला असेल तर. शिवाय पौल म्हणतो, विश्वास न ठेवणारा जोडीदार आपणहून निघून गेला तर मागे राहिलेला बांधलेला नाही. एवढ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडतायत.

माझा मुद्दा तयार – साक्षीदार तीन, दोघं एक सांगतात, एकच वेगळं. कोर्ट कुणाचं धरेल?

८ फेब्रुवारी, रविवार

लिफ्ट ठणठणीत आहे. तरी लिफ्टवाले आले होते.

हे कंपनीचे मिस्त्री. हात कोपरापर्यंत ग्रीसचे, पण नखं स्वच्छ. बायको वारून बरीच वर्षं झाली म्हणे. आमची लिफ्ट मागच्या वर्षभर सारखी बंद पडायची, तेव्हापासूनची ओळख. आईची सामानाची पिशवी सात मजले जिन्यानं उचलून आणायचे. आता लिफ्ट चालते, तर "आवाज येतोय का ते बघायला" येतात. आवाज मला तरी येत नाही.

आज चहा पिताना माझी टिपणं दिसली. "सातवी? आमच्यात ती सहावी." ते पुलापलीकडच्या चर्चचे. मी म्हटलं, असं कसं, आज्ञा काय कमीजास्त होतात? तर म्हणाले, "काही बिल्डिंगीत तळमजला मोजतात, काहींत नाही. म्हणून तुमचा सातवा तो आमचा सहावा. दार उघडलं की घर तेच." वर पहिल्या दोन आज्ञा त्यांच्यात एकत्र धरतात हेही नीट समजावून सांगितलं. आई हसली. आईला मोठ्यानं हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

वाक्य फर्मास आहे. सुरुवातीला वापरणार.

मग लिफ्टबद्दल काहीबाही सांगत बसले. निम्म्या तक्रारी म्हणे दाराच्या खालच्या खाचेमुळे असतात. एवढासा खडा अडकला तरी दार लागत नाही, आणि दार लागलं नाही की अख्खी लिफ्ट रुसते. आई इतकं लक्ष देऊन ऐकत होती की जसं काही तिलाच ती नोकरी करायचीय.

११ फेब्रुवारी, बुधवार

आजी (आईची आई, आमच्याकडेच असते, कान तिखट आणि जीभ त्याहून) आज म्हणाली, "आधी 'तो लिफ्टवाला' होता. मग 'लिफ्टवाले' झाले. आता तुझी आई नुसतं 'ते' म्हणते. तू एवढी हुशार, तुझ्या लक्षात नाही आलं?"

मी म्हटलं, आई सगळ्यांशीच आदरानं बोलते.

"हो का," म्हणाली आणि विणायला लागली.

आजीला कामधंदा नाही, म्हणून हे असं. आई चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून फ्रेममध्ये बसवते, घरी येते, आमचं करते. अकरा वर्षं. कुणाकडे हात पसरला नाही, कुणाला नावं ठेवली नाहीत. बाबांबद्दलसुद्धा एक वाकडा शब्द नाही. अशी आई कुणाची नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

दुपारी आई खोलीत आली. दार लोटून घेतलं. आमच्या घरात दार लोटून घेत नाहीत.

"वकीलबाई, तुझ्याशी बोलायचंय."

मी म्हटलं, स्पर्धा होऊ दे, मग बोल. ती उठली नाही. पलंगावर बसून चादरीच्या सुरकुत्या काढत राहिली. मग विचारलं, "स्पर्धेचं राहू दे. तुला स्वतःला काय वाटतं? सोडून दिलेल्या माणसानं पुन्हा लग्न केलं तर?"

बटण माझ्या खिशात होतं. नियम म्हणजे नियम. मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "भंग तो भंगच. त्यात तुझं माझं काय वाटायचंय?"

अजिबात अडखळले नाही. मलाच माझं कौतुक वाटलं. सख्ख्या आईलाही पत्ता लागू दिला नाही!

"बरं," म्हणाली. चादर आणखी एकदा नीट केली आणि गेली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

पाठांतर. आरशासमोर चार वेळा. आजी कानात कापूस घालून बसली आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

एक भोक सापडलं. टायवाला गाढव नाही, ती एका ठिकाणची सूट तो काढणारच. मग कुणीतरी उठून विचारेल, नवराच दुसरीकडे गेला तर मागे राहिलेल्या बाईचं काय? आमच्या घरची गोष्ट नेमकी त्या सुटीत बसते. उत्तर तयार नाही. पुस्तकांत सापडत नाही. बघू, ऐन वेळी सुचेल. मला सुचतंच.

२१ फेब्रुवारी, शनिवार

जिंकले!!

ट्रॉफी टेबलावर आहे. क्रमानं लिहिते, नाहीतर राहून जाईल.

सभागृह भरलं होतं. आई तिसऱ्या रांगेत, शेजारी आजी. लिफ्टवालेही मागे भिंतीला टेकून उभे होते, इस्त्रीच्या शर्टात, ओळखूच येईनात. तळमजल्याच्या वाक्यानं सुरुवात केली आणि पहिल्या मिनिटाला लोक हसले. तिथेच कळलं, आज आपला दिवस आहे. तीन साक्षीदार बरोबर लागू पडले. टायवाला बरा बोलला, पण दयेवर फार रेलला. सूट मात्र त्यानं काढलीच.

मग परीक्षकबाईंनी, निवृत्त न्यायाधीश आहेत त्या, नेमकं विचारलं, "जिला सोडून नवरा दुसरीकडे गेला, तिनं काय करावं? ती एक सूट तुम्ही तिलाही नाकारणार?"

मी कागद खाली ठेवला. मला माहीतही नव्हतं की मी काय बोलणार आहे.

म्हटलं, "सूट असेल. पण वचन नवऱ्याला दिलेलं नसतं, देवासमोर दिलेलं असतं. एकानं मोडलं म्हणून दुसऱ्याचं सुटत नाही. हे जमत नाही असं म्हणता? माझ्या घरी एक बाई आहे. ती अकरा वर्षं ते वचन एकटी पाळतेय. तिनं कधी सूट मागितली नाही. ती इथेच बसली आहे आणि मला तिचा अभिमान आहे."

टाळ्या थांबेनात. लोक वळून वळून आईकडे बघत होते. पाळकबाईंनी डोळे पुसले. परीक्षकबाईंनी निकाल देताना तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं.

आईनं मला जवळ घेतलं. तिचे हात गार होते. ती म्हणाली, "छान बोललीस." एवढंच. भारावून गेली होती.

लिफ्टवाले भेटायला थांबले नाहीत. त्यांचं वाक्य वापरलं म्हणून आभार मानायचे होते.

२२ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर आईभोवती बायकांची गर्दी. "तुमच्यासारखी आई असावी." "धन्य आहात बाई." जिनं आजवर आम्हाला साधं 'कशा आहात' विचारलं नव्हतं, ती महिला मंडळाची सेक्रेटरीणसुद्धा आईचा हात सोडेना. अकरा वर्षं ह्याच बायका आईशी बोलताना आवाज खाली आणायच्या. आज मी त्यांना मान खाली घालायला लावली. ताठ मानेनं घरी आले.

निकाल लागलाय, आता बटणाचं सांगायला हरकत नाही. पण का सांगू? सगळ्यांना वाटतंय, हे माझं ठाम मत आहे. वाटू दे की.

टायवाला बाहेर भेटला. म्हणाला, "मला काळं हवं होतं. मी खरंच तसं मानतो." त्याला काळं हवं, मला पांढरं. दोघं हसलो. टायशिवाय तो बरा दिसतो.

२५ फेब्रुवारी, बुधवार

लिफ्टच्या तपासणीला आज वेगळाच मिस्त्री आला. तोंडात च्युइंगगम. विचारलं, नेहमीचे कुठे? म्हणाला, "त्यांनी एरिया बदलून घेतला."

आई म्हणाली, "असेल काही." आणि चहाचे तिन्ही पेले पुन्हा धुतले. ते धुतलेलेच होते.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आजीनं सांगितलं. तोंड दाबून धरलं होतं इतके दिवस, आज मी ट्रॉफी पुसत होते तेव्हा फुटली.

लिफ्टवाल्यांनी आईला विचारलं होतं. लग्नाचं. स्पर्धेच्या आधीच. आईनं मुलीशी बोलून सांगते म्हणून वेळ मागितला होता. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना नाही म्हणून कळवलं.

दार लोटून घेतलं होतं ते त्यासाठी.

मी म्हटलं, पण मी काय केलं? मी तर तिची स्तुती केली! आजीनं सुया खाली ठेवल्या. "केलीस की. तुझ्या हातातल्या त्या भांड्यासारखी फळीवर नेऊन ठेवलीस तिला. फळीवरच्या भांड्याला कुणी विचारतं का, तुला भूक लागलीय का म्हणून?"

मला राग आला. आजीचा, आईचा, त्यांचा. सगळ्यांसमोर मी सांगितलं की माझी आई अशी आहे, आणि ती तशी नव्हतीच? म्हणजे मी स्टेजवर खोटी पडले? तासभर मला हेच वाटत होतं. लिहून ठेवते, वाचताना लाज वाटली तर वाटू दे.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आई दुकानातून आली तेव्हा बटण तिच्यासमोर टेबलावर ठेवलं. सगळं एका दमात सांगितलं. थैली, काळं, पांढरं, नियम. "ते माझं मत नव्हतंच, आई. बटणाचं होतं. त्या दिवशी तू विचारलंस तेव्हाही मी बटणच बोलले. मला पांढरं हवं होतं. तू त्यांना हो म्हण."

आईनं बटण उचललं, उजेडात धरलं. काचेवर ओरखडा आहे का बघते, तसं.

"अजून हीच बटणं आहेत?" म्हणाली. "मला पांढरं आलं होतं."

माझी आई त्या स्पर्धेत बोलली होती! माझ्याच वयाची असताना. हरली, म्हणून कधी सांगितलं नाही. म्हणजे थैलीचं तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हणूनच "स्पर्धेचं राहू दे, तुला स्वतःला काय वाटतं" असं विचारत होती. ती बटणाच्या पलीकडे येऊन विचारत होती आणि मी बटणामागे लपून उत्तर दिलं.

मी म्हटलं, मग तुला कळायला हवं होतं की ते खरं नाही.

"साक्षीदारांचं सगळं बटणाचं होतं, ते कळलं मला," आई म्हणाली. "पण शेवटी कागद खाली ठेवलास ना, ते तुझं होतं. मुलीचा आवाज आईला कळत नाही होय?"

तिचं बरोबर होतं. शेवटचं बटणाचं नव्हतं. मला माझी आई तशीच हवी होती, एकटी, ताठ, माझी. सगळ्या गावानं बघावी अशी.

मग ती म्हणाली, "अकरा वर्षांत मला कुणी म्हटलं नव्हतं गं, अभिमान आहे म्हणून. तू भर सभेत म्हणालीस. ते मोडायचं माझ्या जिवावर आलं."

ती भाजी चिरायला उठली. मला म्हणायचं होतं की अभिमान वचनाचा नव्हताच, तुझा होता. तू लग्न केलंस, नाही केलंस, तरी तो कुठे जाणार आहे? पण तोंडातून शब्द फुटेना. सभागृहात फुटतो, स्वयंपाकघरात नाही.

१ मार्च, रविवार

चर्चमधून परत येताना पाळकसाहेबांना गाठलं. विचारलं, बटण बाजूला ठेवून सांगा, तुम्ही काय मानता?

ते म्हणाले, "मंडळीत दोन मतं आहेत. मला विचारशील तर ही आज्ञा घर फोडणाऱ्याचा हात अडवायला आहे. ज्याचं घर दुसऱ्यानं फोडलं, त्याला जन्मभर उघड्यावर बसवायला नाही."

मी म्हटलं, मग तुम्ही असं लग्न लावाल?

"आनंदानं लावीन," म्हणाले. "कुणाचं आहे?"

मी म्हटलं, सांगते. आधी दोघांची भेट तर होऊ दे.

संध्याकाळी आईला विचारलं, तू फोन करशील का त्यांना? ती म्हणाली, "एकदा नाही म्हटलेल्या माणसाला कुठल्या तोंडानं बोलावू? आणि काय म्हणून बोलावू?" म्हणजे बोलवायचं आहे, फक्त कारण नाही. मी पुन्हा विचारलं, कारण असतं तर? आई म्हणाली, "तुझा अभ्यास झाला का?"

आमच्या घरातला ताठा कुठून आला ते मला आज समजलं. त्याचाही थोडा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

४ मार्च, बुधवार

लिफ्ट बंद आहे. आमच्याच मजल्यावर. दाराच्या खालच्या खाचेत काळं बटण अगदी मापानं बसलं.

कंपनीला फोन केला. म्हटलं, च्युइंगगमवाला नको, ही लिफ्ट जुन्या मिस्त्रींनाच कळते. त्यांना सांगा, सातवा मजला, तुमच्यात सहावा. तेवढा निरोप पुरेल.

आई आत्ता सात मजले चढून आली, धापा टाकत. मी म्हटलं, ते येतायत. ती लिफ्टच्या दारापाशी वाकली, खाचेत पाहिलं, बटण दिसलं तिला. काढलं नाही. सरळ घरात आरशासमोर गेली.